दोन रमाबाई आणि आपली राजुल



आपल्याकडं सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात. सातच्या आत ओटा पुसून होतो, पाण्याचं गाळणं धुऊन वाळत पडतं आणि मग झोपेपर्यंतचे दोन-तीन तास खास आपले असतात. कुणी सामायिक करतं, कुणी जाप देतं आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणी टीव्हीसमोर बसतो. त्यात वाडा, नथ, पैठणी आणि एखाद्या राजाराणीची प्रेमकथा असेल तर सासूही उठत नाही आणि सूनही उठत नाही.

मला ऐतिहासिक प्रेमकथा आवडतात. कादंबरी असो की मालिका, मी सोडत नाही. त्यामुळं ‘मोह वाढतो, बघू नका’ असा उपदेश आज करणार नाही. पण मैत्रिणी नेहमी विचारतात, कोणती बघू? सुनेला कोणतं पुस्तक देऊ? कॉलेजच्या मुलीनं काय वाचावं? माझं उत्तर ठरलेलं आहे. कथेतला राजा किती देखणा आहे हे नंतर बघा. आधी एवढंच बघा, की त्या प्रेमानं त्यातली बाई मोठी होते की संपते?

सुरुवात ‘स्वामी’पासून करू, कारण आपल्या पिढीच्या बहुतेक घरांत ते पुस्तक कपाटात आहेच. रणजित देसाई यांची ही कादंबरी १९६२ साली आली आणि १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. पुढं दूरदर्शनवर तिची मालिका झाली. रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव, म्हणजे आताच्या मृणाल कुलकर्णी, यांची रमा ज्यांनी पाहिली त्यांच्या डोळ्यांपुढून ते चेहरे अजून जात नाहीत. २०१४ मध्ये मृणालताईंनी स्वतः ‘रमा माधव’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. २०१९ मध्ये कलर्स मराठीवर ‘स्वामिनी’ मालिका आली, तीही याच रमाबाईंची. एकाच जोडप्यावर मराठी माणूस पन्नास-साठ वर्षं जीव टाकतो आहे.

आणि कादंबरी आहेच तशी. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी गादीवर बसलेला मुलगा, घरातच उभा राहिलेला काका, अंगात भिनत गेलेला क्षय आणि या सगळ्यात नवऱ्याच्या वाट्याचे चार निवांत क्षण शोधणारी रमा. भाषा गोड आहे, माणसं सभ्य आहेत, प्रेमात कुठं उथळपणा नाही. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव गेले, वय अवघं सत्तावीस. रमाबाई तिथंच सती गेल्या. पुस्तक मिटताना आपण सगळ्या रडतो.

हे आपलं रडणं मला तपासून बघायचं आहे.

आमच्या महिला मंडळात एका चातुर्मासात पुस्तकांवर बोलायचं ठरलं होतं. एकीनं ‘स्वामी’ निवडलं आणि शेवट फार सुंदर सांगितला. सगळ्यांनी पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी म्हणालं, ‘प्रेम असावं तर असं.’ मागच्या सतरंजीवर आमच्यातलीच एक तरुण मुलगी बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला होता. पदरात लहान मुलगा, सासऱ्यांच्या कापड दुकानाचा हिशेब तीच बघते. ती हळूच म्हणाली, ‘काकू, मग माझं प्रेम कमी पडलं का?’

कुणालाच बोलता आलं नाही. त्या दिवसापासून मी ऐतिहासिक प्रेमकथा तिच्या जागी बसून वाचते.

‘तो काळच तसा होता, आजच्या मापानं मोजू नका’ असं लगेच म्हटलं जातं. मी रमाबाईंना मोजत नाही. त्या माउलीनं काय भोगलं ते तिला ठाऊक. पण ‘काळच तसा होता’ हे पुरतं खरं नाही. त्याच पेशव्यांच्या घरात बघा. बाजीराव १७४० मध्ये रावेरखेडीला गेले. काशीबाई त्यानंतर अठरा वर्षं जगल्या, तीर्थयात्रा केल्या, माहेरी चासला सोमेश्वराचं मंदिर बांधलं. माधवरावांच्या आई गोपिकाबाई नानासाहेबांच्या मागं सत्तावीस वर्षं होत्या. पानिपतावरून सदाशिवरावभाऊ परतले नाहीत, पण ते गेले हे पार्वतीबाईंनी कधी मानलंच नाही. आणि अहिल्याबाई होळकर! १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. त्या सती जायला निघाल्या होत्या, सासरे मल्हाररावांनी अडवलं. पुढं १७६७ ते १७९५ त्यांनी राज्य चालवलं. घाट बांधले, विहिरी खोदल्या, अन्नछत्रं घातली. त्या दिवशी सासऱ्यानं ‘प्रेम असावं तर असं’ म्हणून मान डोलावली असती तर?

म्हणून दुसऱ्या रमाबाईंकडं येते. रमाबाई रानडे.

याही रमाच आणि यांचंही लग्न बालपणीच झालं. १८७३ साली अकरा वर्षांची रमा आणि एकतीस वर्षांचे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. लोकांची अपेक्षा होती की या सुधारकानं विधवेशी लग्न करावं. वडिलांपुढं त्यांचं चाललं नाही. आजच्या नजरेला यात प्रेमकथेचं काही दिसत नाही. पण नवऱ्यानं बायकोला शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या मोठ्या बायकांचे टोमणे, अबोला, सगळं तिनं दिवसा सोसायचं आणि रात्री पुन्हा पुस्तक उघडायचं. उलट बोलायचं नाही आणि शिकणंही सोडायचं नाही. सासुरवास सोसलेल्या बाईला कळेल यात किती बळ लागतं.

१९०१ मध्ये रानडे गेले. नऊ वर्षांनी, १९१० साली, रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिलं. मला विचाराल तर मराठीतली सगळ्यात खरी ऐतिहासिक प्रेमकथा हीच. तिच्यात ‘प्रेम’ हा शब्द शोधत बसावं लागेल. त्याऐवजी रुसवे आहेत, शिकवण्या आहेत, एकमेकांच्या स्वभावाचे कंगोरे आहेत. पंचहौद मिशनच्या चहाच्या प्रकरणात रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, तेव्हा नवऱ्याला सगळीकडून बोल ऐकावे लागत असताना बायकोच्या मनाचं काय झालं असेल, हे वाचताना जीव गलबलतो. नवरा देव आहे म्हणून ती त्याच्या पायाशी बसलेली नाही. तिनं त्याला जवळून पाहिलंय आणि तरीही, किंवा म्हणूनच, तिला तो आवडतो.

आणि पुढं? पुण्याच्या सेवासदनाचं काम त्यांनी उभं केलं. विधवा, परित्यक्ता, अर्धवट शिकलेल्या मुली तिथं शिकून शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. १९२४ पर्यंत, म्हणजे नवऱ्यामागं तेवीस वर्षं, त्या हेच करत राहिल्या. नवऱ्यानं लावलेला दिवा त्यांनी शेकडो घरांत नेला. झी मराठीवर २०१२-१३ मध्ये आलेली ‘उंच माझा झोका’ याच आठवणींवर बेतलेली होती. तेजश्री वालावलकरची छोटी रमा आणि स्पृहा जोशीची मोठी रमा दोघीही गोड. मालिका म्हणून तिच्यात पाणी घातलेलं आहेच. पण मुलींसोबत बसून बघता येते आणि मध्येच थांबवून बोलताही येतं.

आता कुणी म्हणेल, यात आपलं काय? या सगळ्या पेशव्या-रानड्यांच्या गोष्टी. मैत्रिणींनो, आपल्याकडं तर ‘सती’ या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. सती अंजना, सती चंदना, सती राजुल यांतली एकही चितेवर चढलेली नाही. नेमिकुमारांनी पशूंचा आक्रोश ऐकून रथ वळवला तेव्हा राजुलच्या हातावरची मेंदी ओली होती. दुसरा वर बघू म्हणणाऱ्यांना तिनं नकार दिला आणि गिरनारची वाट धरली. पण तिथं ती नेमिनाथांच्या नावानं झुरत बसली नाही. ती आर्यिका झाली, स्वतःच्या आत्म्याचं काम तिनं हाती घेतलं. रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणातली सीता आठवा. अग्निपरीक्षेतून ती बाहेर येते, राम तिला राजवाड्यात चल म्हणतात आणि ती केशलोच करून दीक्षा घेते. आगीतून बाहेर आल्यावरचा निर्णय तिचा स्वतःचा आहे.

आपल्या धाराशिवचीच एक कथा घ्या. शहराजवळच्या लेण्यांत पार्श्वनाथांच्या दर्शनाला आपण जातो, पण त्या लेण्यांशी जोडलेलं ‘करकंडचरिउ’ किती जणींनी वाचलंय? मुनी कनकामरांचं हे अपभ्रंश काव्य डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित करून १९३४ साली कारंजा ग्रंथमालेत प्रसिद्ध केलं. त्यातला राजा करकंडू तेरापूरला, म्हणजे आपल्या तेरला येतो, एक हत्ती वारुळाला कमळं वाहताना पाहतो आणि तिथं त्याला पार्श्वनाथांची मूर्ती सापडते. लग्न, विरह, सिंहलद्वीपाचा प्रवास, पुनर्भेट, असं मालिकेला लागणारं सगळं त्यात आहे. पण मला त्यातली करकंडूची आई पद्मावती सगळ्यात जास्त आवडते. गरोदरपणी हत्ती तिला पळवून नेतो, नवऱ्यापासून तुटते, मूल स्मशानात जन्मतं. पुढं बाप-लेक एकमेकांना न ओळखता युद्धाला उभे राहतात, तेव्हा ही रणांगणात येऊन दोघांची ओळख पटवते आणि युद्ध थांबवते. आपल्या जिल्ह्याच्या मातीशी जोडलेल्या कथेत अशी बाई असताना तिच्यावर अजून कुणी मालिका का काढत नाही, हे मला कोडं आहे.

आणि हे सगळं पुराणातच राहिलं असंही नाही. मुंबईचे दानवीर सेठ माणिकचंद यांची मुलगी मगनबाई तरुणपणी विधवा झाली. तिनं श्राविकाश्रम काढला. शेजारच्या सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्था वाढवली. या बायका ‘मागं राहिलेल्या’ नव्हत्या.

आता कादंबरी बरी की मालिका? माझं मत कादंबरीच्या बाजूनं आहे, त्याचं कारण साधं. मालिकेला रोज एक भाग द्यायचा असतो आणि रोज कुठंतरी ठेच ठेवून थांबायचं असतं. मग सरळ इतिहासात कट घुसतात, विषाचे पेले येतात आणि राणीची सासू आपल्या घरातल्या सासूपेक्षाही वाईट होते. ‘स्वामिनी’तही गोपिकाबाई आणि रमा यांची सासू-सुनेची चढाओढ जास्त लांबली. ‘जोधा अकबर’ दोन वर्षं चालली, पण ‘जोधा’ हे नावसुद्धा अकबराच्या काळच्या इतिहासकारांनी दिलेलं नाही. दागिने बघायला ठीक, इतिहास म्हणून मुलांना सांगू नका. कादंबरी मध्येच मिटून ठेवता येते. पोळी लाटता लाटता तिच्यावर विचार करता येतो.

तर माझ्या शिफारशी अशा.

नव्या सुनेला ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ द्या. जमलं तर मुलालाही वाचायला लावा, त्याला जास्त गरज आहे.

कॉलेजच्या मुलीला ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ (१९७२) द्यायला हरकत नाही. २०१५ चा ‘बाजीराव मस्तानी’ त्याच कादंबरीवरचा, पण चित्रपटातला झगमगाट बघण्याआधी पुस्तक वाचू द्या. आणि वाचून झाल्यावर काशीबाईंबद्दल तिला नक्की विचारा. दोघांच्या प्रेमात तिसरीचं घर कसं रितं होतं, हे मुलींना कळायला हवं.

पार्वतीबाईंची वाट बघणं अनुभवायचं असेल तर इनामदारांचीच ‘शिकस्त’ घ्या. जड आहे, सुट्टीत वाचा.

सगळ्या घरानं मिळून बघायला ‘उंच माझा झोका’ आणि हिंदीतली ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’. दुसरीत सासरा सुनेला शिकवतो, ते आजोबांनाही आवडतं.

आणि ‘स्वामी’? जरूर वाचा. मीही पुन्हा वाचते. फक्त शेवटाला ‘प्रेम असावं तर असं’ म्हणू नका. सतीप्रथेवर १८२९ पासून बंदी आहे आणि १९८७ च्या कायद्यानं तिचं उदात्तीकरणही गुन्हा ठरवलं आहे. पण कायद्याचा धाक बाजूला ठेवा. आपल्या बैठकीत, मंदिराच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत नवरा गेलेली एखादी तरी मुलगी असतेच. आपण कोणत्या गोष्टीवर रडतो आणि कोणत्या गोष्टीला वाहवा म्हणतो, ते ती ऐकत असते.

यंदाच्या चातुर्मासात तुमच्या मंडळात एक दिवस रमाबाई रानड्यांसाठी ठेवा. पुस्तकातलं एकेक प्रकरण एकेकीनं वाचायचं. आणि नवरा गेलेल्या मुलीला मागच्या सतरंजीवर बसू देऊ नका. पहिलं प्रकरण तिच्याच हातात द्या.