हिरवा ठिपका आणि घरचे चॉकलेट

कर्जत वा खोपोलीच्या बाजारपेठेत दुकान असलेल्या घरातील बालक चॉकलेट मागते, तेव्हा वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहून आपण निश्चिंत होतो. परंतु अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार मध, मधमाशीचे मेण आणि शेलॅक असलेल्या पदार्थासही हा ठिपका मिळू शकतो. चकाकीसाठी वापरलेले ९०४ म्हणजे शेलॅकच. तो लाखेच्या किड्याचा स्राव होय. म्हणून घटकसूची वाचावी. त्याहून उत्तम म्हणजे चॉकलेट घरीच करावे.

२०० ग्रॅम खजूर जयणेने उकलून, आत कीड नाही हे पाहून बिया काढाव्यात. त्यात १०० ग्रॅम भाजलेल्या बदामांची भरड, ३ चमचे साखरविरहित कोको पूड व १ चमचा तूप घालून मळावे आणि छोटे लाडू वळावेत. ओव्हन लागत नाही. वेगळी साखर नसली तरी खजुरात ती असतेच; एका वेळी एकच लाडू पुरे.

ज्या घरी फाल्गुन चौमासीपासून खजूर वर्ज्य असतो, त्यांनी हे लाडू कार्तिकी पौर्णिमेनंतर करावेत. सूर्यास्तापूर्वी मुलांना शेजारी बसवावे आणि प्रत्येक खजूर त्यांच्याच हाताने उकलवून घ्यावा. पुढे दुकानातील वेष्टनही ती तितक्याच बारकाईने पाहतील.