धाग्याला भाव, हाताला शाबासकी

मराठी भाषेने एका बाबतीत जरा हात आखडता घेतला आहे. मागावर ताणाबाणा लावून कापड काढणे यालाही आपण विणणे म्हणतो, आणि दोन सुयांवर टाक्यात टाका अडकवीत स्वेटर तयार करणे यालाही विणणेच म्हणतो. वास्तविक ही दोन कामे जातीने निराळी. मागावर उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांना छेदून जातात. सुयांवर धागा एकच. त्याचे एक वळण दुसऱ्या वळणातून ओढून घेत ओळीमागून ओळ चढत जाते. म्हणूनच सुयांवरची वीण अंगाबरोबर ताणते व पुन्हा जागेवर येते, आणि तिच्या वळणांत अडकून राहिलेली हवा ऊब धरून ठेवते.

भाषेने दोघांना एकच क्रियापद दिले. समाजाने मात्र दोघांना सारखा मान दिला नाही. मागावर बसणाऱ्याला आपण कारागीर म्हणतो. चंदेरी जुन्या ग्वाल्हेर संस्थानातली, महेश्वर होळकरांच्या राज्यातले. दोन्हीकडच्या साड्या आपल्या घरच्या कित्येक पिढ्यांनी लग्नाकार्यात मिरवल्या. त्या विणणाऱ्याला मजुरी द्यावी लागते, याविषयी कोणाचाच वाद नाही. सुया घेऊन बसणारी मात्र आपल्या लेखी 'हौशी'. तिचा वेळ फावला, तिचे काम विरंगुळा, आणि तिची मिळकत म्हणजे 'किती सुरेख झालंय हो!' एवढे एक वाक्य.

मी पडलो संगीताचा शिक्षक. लोकरीच्या प्रांतात याने कशाला तोंड घालावे, असे कोणी म्हणेल. पण माझे वडील ऐन विशीत दरबारच्या सेवेत लागले होते, आणि मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. कसबाचे मोल कोण ठरवतो आणि कशावरून ठरवतो, हा विषय आमच्या घरात रोजच्या भाजीभाकरीइतका परिचयाचा होता. त्या ओळखीवर चार शब्द लिहितो आहे.

आधी धाग्याविषयी. पूर्वी घरात लोकरीचे दोनच प्रकार मानले जात: अंगाला बोचणारी आणि न बोचणारी. आता मेरिनो, अल्पाका, अंगोरा, पश्मिना, रेशीम मिसळलेली लोकर असे उंची धागे हौसेने मागवले जातात, आणि त्यांचे मोजमाप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागात, सांगितले जाते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर पश्मिन्याचा तंतू १२ ते १६ मायक्रॉनचा. तो येतो लडाखच्या चांगथांग पठारावरून. समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरांहून उंच अशा त्या मुलखात चांगपा लोक बकऱ्या पाळतात. तेथील कडाक्याच्या थंडीत बकरीच्या राठ केसांखाली मऊ लोकरीचा थर धरतो. थंडी सरली की तो आपोआप सुटू लागतो, तेव्हा तो फणीने विंचरून घ्यायचा. एका बकरीची वर्षाची लोकर पाव किलोच्या आसपास भरते, आणि त्यातले राठ केस निवडून काढल्यावर हाती उरते ती निम्म्याहूनही कमी. मग तिला भाव का असू नये? असावाच.

पण चांगली लोकर ही चांगल्या तंबोऱ्यासारखी आहे. ती आपण होऊन गात नाही. मेरिनोच्या तंतूला अंगचीच कुरळ असते, म्हणून तिचे कपडे लवचिक होतात आणि टाक्यांतली लहानसान विषमता त्यात लपून जाते. रेशीम काही लपवीत नाही. ते सुईवरून निसटते, आणि एकदा ताणले की मागे येत नाही. अल्पाका उबदार खरी, पण अंगाने जड. सैल विणीचा लांब स्वेटर केला तर महिन्या-दोन महिन्यांत तो गुडघ्याकडे निघतो. पश्मिन्याचे तंतू आखूड, म्हणून सैल विणले तर वापराने त्यावर बारीक गोळे धरतात. कोणतीही लोकर गरम पाण्यात घालून चोळली की तंतूंवरचे खवले एकमेकांत गुंततात आणि मोठ्यांचा स्वेटर धाकट्याच्या मापाचा होऊन बसतो. हे सारे ओळखून सुईची जाडी ठरवायची, आधी हातभर रुंदीचा नमुना विणून तो धुऊन वाळवून मोजायचा, मगच टाके घालायचे. हे ज्ञान विणणारीच्या बोटांत असते. लोकरीच्या लडीबरोबर ते विकत मिळत नाही.

आता जरा हिशेब करू. बारीक लोकरीचा, मोठ्या माणसाचा साधा स्वेटर घ्या. दहा सेंटिमीटरांत २८ टाके आणि ३६ ओळी असा त्याचा पोत असतो. छाती १०० सेंटिमीटर धरली तर एका फेरीत २८० टाके. लांबी ६० सेंटिमीटर, म्हणजे २१६ फेऱ्या. नुसत्या अंगाचे टाके झाले ६०,४८०. दोन बाह्यांचे साधारण २९,०००. एकूण ९०,००० टाक्यांच्या घरात हा आकडा जातो. मिनिटाला ३० टाके हा काही मंद हात नव्हे. त्या वेगाने सलग विणले तरी ५० तास लागतात. त्यात नक्षी नाही, उसवणे नाही, जोडणी नाही. तासाचे अवघे १०० रुपये लावले तरी या स्वेटरची मजुरी ५,००० रुपये होते. आपल्यापैकी कितीजणांनी आजवर ती दिली आहे?

काही वर्षांपूर्वी आपल्याच लष्करातल्या एका संस्थेच्या हिवाळी प्रदर्शनात आमच्या ओळखीच्या एका काकूंनी जाळीच्या विणीची एक शाल ठेवली होती. मेरिनो आणि रेशमाचा धागा, पानाच्या नक्षीची किनार, आणि उलट बाजूला एकही गाठ दिसू नये असे काम. मी सहज विचारले, ''काकू, किती दिवस लागले हो या शालीला?'' त्या हसून म्हणाल्या, ''दिवस कसले मोजताय, मास्तर! पोथी ऐकता ऐकता होतं.'' संध्याकाळी बक्षीस समारंभ झाला. ज्यांचे गाणे झाले त्या कलावंतास मानधनाचे पाकीट मिळाले, आणि काकूंना 'गृहिणींची फावल्या वेळातील हस्तकला' या सदराखाली प्रशस्तिपत्र व स्टीलचा डबा. शालीशेजारच्या चिठ्ठीवर लोकरीचे नाव होते, काकूंचे नव्हते. कोणाच्या मनात काही वाईट होते असे नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. सद्भावनेने केलेला अन्याय हा कोणाला अन्याय वाटतच नाही.

धाग्याची परीक्षा करण्याची सोय आपण केली आहे. २००८ साली 'काश्मीर पश्मिना'ला भौगोलिक मानांकन मिळाले. धागा १६ मायक्रॉनपर्यंतचा, हाताने कातलेला आणि हातमागावर विणलेला असेल, तरच ती खूण मालाला लागते. नकली मालाचा सुळसुळाट पाहता हे योग्यच झाले. पण त्याच काश्मीरमध्ये चरख्यावर हा धागा कातणाऱ्या बायकांना दहा धाग्यांच्या एका गाठीला एक रुपया, असा दर वर्षानुवर्षे मिळत असे. त्यावर पोट भरत नाही म्हणून कित्येकींनी चरखा सोडला. तंतू किती बारीक आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. तो कातणारीची रात्र त्या काचेखाली दिसत नाही.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा आहे असेही समजू नये. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटे आहेत. तेथील उन्स्ट बेटावरच्या बायका एकोणिसाव्या शतकात इतक्या तलम लोकरीच्या शाली विणीत, की अख्खी शाल अंगठीतून ओढून काढता येई. सरपणाच्या टोपल्या पाठीवर घेऊन वाट चालतानाही त्यांच्या हातातल्या सुया थांबत नसत. त्या शाली राजघराण्यापर्यंत पोहोचल्या. पण विणणारीला व्यापारी रोख पैसे देत नसे. चहा, कापड असला दुकानातला माल तिच्या पदरात टाकी. १८७१-७२ साली सरकारी आयोगाला या पद्धतीची चौकशी करावी लागली, आणि बायकांनी स्वतः पुढे येऊन साक्षी दिल्या. शालीची कीर्ती राणीच्या दरबारात होती, आणि विणणारीच्या हाती रोकड नव्हती.

याउलट उदाहरणेही आहेत. स्वीडनमध्ये बोहुसलेन प्रांतात पाथरवटांचे काम बसले, तेव्हा त्यांच्या बायका प्रांताच्या गव्हर्नरपत्नी एमा याकोबसन यांच्याकडे काम मागायला गेल्या. त्यांनी १९३९ साली 'बोहुस स्टिकनिंग' ही संस्था उभी केली. भिक्षा नको, काम हवे, हा तिचा बाणा होता. मेरिनो-अंगोराच्या मऊ धाग्यात अनेक रंग मिसळून केलेले तिचे स्वेटर जगभर गाजले. प्रत्येक नग तपासून घेतला जाई आणि विणणारीला मजुरी मिळे. पुढे खर्च वाढले, पेहरावाची आवड पालटली, आणि १९६९ साली ते काम थांबले. यावरून कोणी म्हणेल, हाताच्या कामाचा खरा दाम लावला की ते टिकत नाही. पण त्याच १९६९ साली अलास्कात 'ऊमिंगमाक' ही विणणाऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. कस्तुरी-बैलाची 'किविउत' नावाची अतिशय उबदार लोकर ती आपल्या सभासद स्त्रियांना पुरवते, गावागावाची नक्षी निराळी ठेवते, आणि विणणारी स्वतःच संस्थेची मालक असते. आपल्याच देशात लेह येथे २०१७ साली 'लूम्स ऑफ लडाख' ही स्त्रियांची सहकारी संस्था सुरू झाली. जी पश्मिन्याची लोकर लडाखातून कच्ची जात असे, तिचे कपडे तेथेच तयार व्हावेत आणि मोल करणाऱ्यांच्या हाती राहावे, हा तिचा उद्देश. तेव्हा प्रश्न दाम लावल्याने काम मरते का, हा नसून दाम कोणाच्या हाती पडतो, हा आहे.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. बाळंतविड्यातले टोपडे, सुनेसाठी केलेला पहिला स्वेटर, यांत माया असते. तिचा दर कसला लावता? माया विकत घ्यावी असे मी म्हणत नाही. आजीने नातवाला विणून दिलेल्या मोज्यांची पावती कोणी फाडू नये. पण मायेच्या नावाखाली शेजारणीकडून, ओळखीच्या काकूंकडून, 'लोकर मी आणून देते, तेवढं विणून द्या' म्हणून पन्नास तास फुकट घेणे ही माया नव्हे. येथे दरबाराची रीत आठवते. वडिलांना दरमहा तनखा होता. महिन्यात एकदा गाणे झाले काय आणि चारदा झाले काय, तनखा तोच. कारण दरबार मैफलीचे पैसे देत नसे, मैफलीमागच्या रोजच्या सहा तासांचे देत असे. तनखा घेतल्यामुळे त्यांचे सुरावरचे प्रेम उणे झाले असे कोणी कधी म्हटले नाही. संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले, राजेशाही गेली, आणि त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण ती एक समजूत तरी तिच्याबरोबर जायला नको होती.

मग करावे काय? माझ्या मते तीन गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. पहिली घरातली: उंची लोकर घेताना, तिच्या किमतीइतकी तरी रक्कम विणणारीसाठी बाजूला ठेवावी. ती नाही म्हणेल, आग्रहाने द्यावी. दुसरी मंडळांची: आपल्या प्रदर्शनांत प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर धागा, वजन, लागलेले तास आणि विणणारीचे नाव, अशा चार ओळी असाव्यात. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका त्या चार ओळी वाचतील, तेव्हा निम्मे काम आपोआप होईल. तिसरी शिकवण्याची: सत्तरी ओलांडलेल्या ज्या हातांना ही विद्या येते, त्यांच्याकडून ती मानधन देऊन पुढच्या पिढीला शिकवावी, आणि त्या वर्गात मुलगेही बसवावेत. हे बायकी काम, असे म्हणणाऱ्यांनी पेरू देशातले ताकिले बेट पाहावे. टिटिकाका सरोवरातल्या या बेटावर सुयांवर विणतात ते पुरुष. तेथील वस्त्रकलेला २००५ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

थंडी आपल्या शहरात दरसाल येते आणि तिबेटी बाजारातली यंत्राची, बहुधा ॲक्रिलिकची, रंगीत स्वेटरे पोटापुरत्या पैशांत हजारोंची थंडी भागवतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही. गरिबाला ऊब स्वस्तच मिळाली पाहिजे. मी बोलतो आहे ते आपल्याशी, ज्यांना पश्मिन्याचा भाव ऐकून घाम फुटत नाही. लडीचे पैसे आपण दुकानदाराला मोजून देतो. तेवढ्याच नेमाने ते पैसे ज्या दिवशी सुया धरणाऱ्या हातावर ठेवू, त्या दिवशी ही विद्या टिकवा असे अग्रलेखातून सांगावे लागणार नाही. आपल्या कामाला मोल आहे असे दिसले, की शिकायला मुली येतात आणि मुलेही येतात. संगीताच्या वर्गात मी ते रोज पाहतो.