दादाचा शुक्र कधी लागणार?

तीन वर्षांपूर्वी माझ्या दादाला एका ज्योतिषाने सांगितलं, "केतूची महादशा आहे, तोटा होणारच. शुक्र लागेपर्यंत दम धरा." शुक्र लागायला तेव्हा तीन वर्षं होती.

दादाचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइज, बारशी, साखरपुडे, लग्नं. गावातल्या प्रत्येकाच्या खिशात बरा कॅमेरा आला तेव्हापासून स्टुडिओ आतबट्ट्यात आहे. दादाला हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण आता त्याच्याकडे एक तारीख होती. तारीख हातात असली की माणूस हिशोबाची वही उघडत नाही, कॅलेंडर उघडतो. दोन लाखांचं कर्ज या तीन वर्षांत साडेचार लाखांवर गेलं.

आता योगायोग बघा. त्याच काळात मी ज्योतिषाचं ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होतो. माझ्याकडे काम होतं दशांच्या गणिताचं. म्हणजे दादासारखे हजारो लोक ज्या तारखेकडे डोळे लावून बसतात, ती तारीख काढणारा कोड मी लिहीत होतो.

त्यामुळे "तुला त्यातलं काय कळतं?" हा प्रश्न मला विचारू नका. विंशोत्तरी दशा मला पाठ आहे. जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल, त्या नक्षत्राच्या स्वामीची महादशा आधी. मग ठरलेल्या क्रमाने केतू 7 वर्षं, शुक्र 20, रवी 6, चंद्र 10, मंगळ 7, राहू 18, गुरू 16, शनी 19, बुध 17. एकूण 120. नक्षत्राचा जेवढा भाग चंद्राने ओलांडला, तेवढा पहिल्या महादशेचा भाग जन्माआधीच संपला. गणित साधं आहे, सुबक आहे. दोनशे ओळींत बसतं.

पहिली तक्रार पहिल्याच आठवड्यात आली. "तुमचं ॲप माझी महादशा जानेवारीत बदलते म्हणतं, दुसरं ॲप ऑगस्टमध्ये म्हणतं. चूक कोणाची?" मी दिवसभर बग शोधला. बग नव्हता. त्या ॲपने वर्ष 360 दिवसांचं धरलं होतं, आम्ही 365.25 दिवसांचं. मी हे प्रॉडक्ट मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "मग ड्रॉपडाऊन दे. ज्याला जे हवं ते निवडेल."

तिथे माझी खात्री पटली की काहीतरी गोची आहे. पुलावरून किती टनांचा ट्रक जाऊ शकतो, याला कोणी ड्रॉपडाऊन देत नाही.

नंतर ड्रॉपडाऊन वाढत गेले. सगळ्यात मोठा अयनांशाचा. राशिचक्र नेमकं कुठून मोजायला सुरुवात करायची, हा तो वाद. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. चित्रा तारा धरून मोजणारे चित्रापक्षाचे, रेवतीतला तारा धरणारे रैवतपक्षाचे. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या बाजूचे. लोकमान्यांच्या नावाने चालणारं टिळक पंचांग रैवतपक्षाचं. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने 1955 च्या अहवालात चित्रापक्षाचा अयनांश स्वीकारला, आणि आज बहुतेक ॲप्स तोच वापरतात. दोन्ही पक्षांत फरक आहे साधारण चार अंशांचा. चार अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण एक नक्षत्र 13 अंश 20 कलांचं असतं. चार अंश म्हणजे त्यातला 30 टक्के भाग.

एका रात्री मी दादाची जन्मवेळ कोडमध्ये घातली. अनुराधा नक्षत्र, म्हणजे जन्मवेळी शनीची महादशा. त्यातली आठ वर्षं शिल्लक होती. 8 अधिक बुधाची 17 अधिक केतूची 7, म्हणजे शुक्र 32 व्या वर्षी. ज्योतिषाने सांगितलं तेच. आता रैवत अयनांश निवडला. शनीच्या 19 वर्षांचे 30 टक्के, म्हणजे 5.7 वर्षं सगळं अलीकडे सरकलं. शुक्र 26 व्या वर्षीच लागलेला! म्हणजे "शुक्राची वाट बघा" हे वाक्य दादाने ऐकलं, तेव्हा दुसऱ्या पंचांगाप्रमाणे तो अडीच वर्षांहून जास्त काळ शुक्रातच बसला होता. दुकान तेव्हाही तोट्यातच होतं.

रामन अयनांश घेतला, तर शुक्र साधारण दोन वर्षं आधी. कृष्णमूर्तींचा घेतला, तर पन्नासेक दिवस आधी. 360 दिवसांचं वर्ष धरलं, तर साडेपाच महिने आधी. आणि जन्मवेळ? शनीच्या महादशेत जन्मवेळेतलं एक मिनिट म्हणजे पुढच्या सगळ्या तारखांमध्ये जवळपास पाच दिवस. दादाची जन्मवेळ आईच्या आठवणीत "सव्वादहाच्या सुमारास" अशी आहे. "सुमारास" या एका शब्दात दीड-दोन महिने सहज मावतात.

इथे जाणकार मित्र मला थांबवतात. हे मित्र वर्तमानपत्रातल्या राशिभविष्याला हसतात. ते म्हणतात, "अरे, नुसती विंशोत्तरी कोण बघतं? पद्धतींची तुलना करायची असते. दशा घटना दाखवते, गोचर तिला चालना देतं. अष्टकवर्गात बिंदू बघायचे. वर्षफळ मांडायचं. नेमकेपणा हवा असेल तर केपी."

मला भांडायचं आहे ते या तुलनेशीच. राशिभविष्यवाल्यांचा मुद्दा सोपा आहे, त्यांना कोणीही हसतं. पण "योग्य पद्धत निवडली की कालनिर्णय अचूक येतो" हा समज शिकलेल्या लोकांचा आहे. माझ्या ऑफिसातल्या अर्ध्या टीमचा आहे.

तर करूया तुलना. अष्टोत्तरी दशा 108 वर्षांची, तिच्यात केतूला जागाच नाही, शुक्राला 20 ऐवजी 21 वर्षं. म्हणजे ज्या केतूने दादाचं दुकान बुडवलं, तो या पद्धतीत कामावरच नाही. योगिनी दशा 36 वर्षांची, मंगलेच्या एका वर्षापासून संकटेच्या आठ वर्षांपर्यंत. तीन पद्धती, एकाच माणसाला तीन आयुष्यं. कुठली कधी वापरायची याचे नियम ग्रंथांत आहेत. पण प्रत्यक्षात पद्धत निवडली जाते ती बहुतेकदा घटना घडून गेल्यावर.

गोचर बघा. साडेसाती म्हणजे चंद्रराशीच्या आधीची, तीच आणि पुढची अशा तीन राशींतून शनीचं भ्रमण. बारापैकी तीन. म्हणजे कोणत्याही क्षणी बारांतल्या तीन राशींना साडेसाती चालूच असते, ढोबळमानाने चौथ्या हिश्शाच्या माणसांना. त्यात चौथ्या आणि आठव्या शनीची अडीचकी जोडा, बारातल्या पाच राशी झाल्या. लग्नासाठी गुरुबळ बघतात: चंद्रापासून दुसरा, पाचवा, सातवा, नववा, अकरावा गुरू. पुन्हा बारातले पाच. गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो, म्हणजे कोणत्याही सलग तीन वर्षांत गुरुबळ एकदा तरी येणारच. "गुरुबळात लग्न झालं" याचं आश्चर्य वाटायला हवं का?

आता सगळ्या पद्धती एकत्र करू. समजा पाच पद्धती आहेत, एकमेकींशी संबंध नसलेल्या, आणि प्रत्येक निव्वळ योगायोगाने चारातून एकदा बरोबर ठरते. पाचांतली किमान एक बरोबर ठरण्याची शक्यता किती? 76 टक्के. ग्रहांचा काहीही हात नसताना. पद्धती वाढवल्या की हा आकडा वाढतो. म्हणून अनुभवी ज्योतिषी जास्त पद्धती शिकतो आणि त्याला प्रामाणिकपणे वाटतं की आपली अचूकता वाढली. वाढली ती पळवाटांची संख्या.

केपीवाले म्हणतील, आमचं तसं नाही. कृष्णमूर्ती पद्धती नक्षत्राचे विंशोत्तरीच्याच प्रमाणात नऊ तुकडे करते, म्हणून सूक्ष्म. मान्य. रवीचा तुकडा फक्त 40 कलांचा. लग्नबिंदू तेवढं अंतर सरासरी 2 मिनिटं 40 सेकंदांत ओलांडतो. इतकी अचूक जन्मवेळ कोणाकडे असते? कोणाकडेच नाही. मग येते जन्मवेळ शुद्धी: आयुष्यात घडलेल्या घटना सांगा, त्या जुळेपर्यंत वेळ मागेपुढे सरकवतो. आमच्या धंद्यात याला नाव आहे. टेस्ट फेल होतेय म्हणून इनपुट बदलत राहायचं, सगळं हिरवं झालं की म्हणायचं, कोड चालतोय! नव्या मुलाने हे केलं तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची शाळा घेतात.

पत्रिकांची चाचणी आपल्याकडे झालेली आहे. जयंत नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत 2008 मध्ये केली. हुशार मुलांच्या 100 आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या 100 पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 पाठवल्या आणि वर्गवारी करायला सांगितली. 27 जणांची उत्तरं आली. सर्वोत्तम गुण 40 पैकी 24. सरासरी 20 च्या खाली, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. ही चाचणी कालनिर्णयाची नव्हती, हे खरं. पण तिच्यातली एक गोष्ट कालनिर्णयालाही लागू आहे. उत्तर आधी लिहून द्यायचं होतं. तेवढ्याने सगळी जादू गेली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कुठली पद्धत श्रेष्ठ, हा वाद घालू नका. आधी कागदावर लिहा: एक पद्धत, एक अयनांश, एक घटना, किती महिन्यांच्या आत, आणि काय घडलं तर भाकीत चुकलं असं मानायचं. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. जी पद्धत हरू शकत नाही, तिला जिंकण्याचा मान कसला द्यायचा?

"पण लोकांना आधार मिळतो ना," असं आई म्हणते. मिळतो. वाईट दिवसांना शेवट आहे असं कोणी सांगितलं की रात्री झोप लागते, आणि मी आईची झोप काढून घ्यायला निघालेलो नाही. पण या आधाराचं बिल येतं. "थांबा" हा सल्ला फुकट नसतो. थांबलेल्या दुकानाचं भाडं चालू असतं, थांबलेल्या कर्जाचं व्याज चालू असतं. मुलीच्या बाबतीत "अजून योग नाही" म्हणून थांबवलेलं शिक्षण, नोकरी, घटस्फोट, सगळ्याची किंमत कोणीतरी मोजत असतं. ज्योतिषी मोजत नाही. आमची कंपनीही मोजत नव्हती. महादशा बदलायच्या महिनाभर आधी नोटिफिकेशन पाठवलं की लोक सल्ल्यासाठी पैसे भरतात, हे आम्हाला ठाऊक होतं. ते नोटिफिकेशनही मीच लिहिलं होतं. दीड वर्षाने मी ती नोकरी सोडली, पण दीड वर्षं केली, हे लपवत नाही.

यंदा दादाला 32 वं लागलं. शुक्र लागला. महिना गेला, दोन गेले, गल्ला तेवढाच. दादा पुन्हा ज्योतिषाकडे गेला. तो म्हणाला, "महादशेत तिचीच अंतर्दशा पूर्ण फळ देत नाही. शुक्रात शुक्र संपू द्या, मग बघा." हा नियमही ग्रंथातला आहे, त्याने मनाने काढलेला नाही. शुक्रात शुक्र किती काळ? तीन वर्षं चार महिने.

दादाने मला फोन केला. म्हणाला, "तू तो कोड लिहिलायस ना? बघ ना, खरंच तीन वर्षं चार महिने येतात का?"

मी म्हणालो, "येतात. गणित बरोबर आहे. आता वही काढ. भाडं सांग, हप्ता सांग, गेल्या महिन्याचा गल्ला सांग."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग कागद उलटल्याचा आवाज आला.