राखण गावाची, पट्टी कुणाच्या माथी?



राजगडाच्या पायथ्याला पाली नावाचे गाव आहे. गडाच्या पाली दरवाजाला याच गावाचे नाव मिळालेले. पुणे-सातारा रस्त्याने नसरापूर फाट्याला वळून आत गेले की हा सारा मुलूख लागतो. वेल्हे तालुका म्हणून आपण त्याला ओळखतो, आता त्याचे नाव राजगड तालुका झाले आहे. पावसाळ्यात इथे पाणी मावत नाही. उन्हाळ्यात मात्र डोंगरउतारावरचे गवत वाळून कोळ होते आणि एखाद्या विडीच्या थोटकाने वणवा पेटतो. वणवा गवताच्या गंजीपर्यंत आला की गोठा जातो, आणि गोठा गेला की घराचे वर्षाचे गणित बिघडते. शनिवार-रविवारी गडावर जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. पोलीस एक-दोन, माणसे शेकड्यांनी.

भोर-वेल्हे भागात चळवळीच्या कामासाठी आम्ही फिरतो तेव्हा एक सूचना अलीकडे वरचेवर कानी येते. ‘सरकार काही देत नाही, तर आपणच दुकानातल्या विक्रीवर शेकडा एक रुपया पट्टी बसवू. त्यातून आगीचा बंब ठेवू, राखणीला माणसे नेमू.’ सूचना करणारे भल्या मनाचे लोक आहेत. गावाने गावासाठी वर्गणी काढावी यात वाईट ते काय? तरीही आमच्या बांधवांनी होकाराची मान डोलावण्याआधी या पट्टीचा जमाखर्च मांडून पाहावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

प्रथम कायदा पाहू. ग्रामपंचायतीला घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, बाजार फी, यात्रेकरूंवरील कर, गाडीतळाची फी असे काही कर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने बसवता येतात. मालाच्या विक्रीवरचा कर त्यात नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विक्रीकर राज्याच्या यादीत होता. २०१६ साली १०१ वी घटनादुरुस्ती झाली आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे आपल्या बोलीतला जीएसटी, लागू झाला. त्यानंतर पेट्रोल, डिझेल, दारू अशा मोजक्या वस्तूंपुरताच राज्याचा विक्रीकराचा हक्क उरला. गावच्या वाण्याच्या साबणावर ग्रामपंचायत एक पैसासुद्धा कर लावू शकत नाही. लावला तर तो कर होणार नाही, खंडणी होईल.

आपल्या राज्याला असा स्थानिक कर नवा नाही. शहरात माल शिरताना नाक्यावर जकात घेतली जाई. जकातनाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा आणि टेबलाखालचे व्यवहार ज्यांनी पाहिले त्यांना त्याचे वर्णन नको. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली आणि तिच्या बदल्यात सहाय्यक अनुदान आले. पुढे महानगरपालिकांत जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजेच एलबीटी, आला. पुणे महापालिकेत तो १ एप्रिल २०१३ पासून सुरू झाला. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, मोर्चे काढले. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळले गेले. २०१७ साली जीएसटी आल्यावर उरलेला एलबीटी आणि मुंबईची जकात दोन्ही गेले. महापालिकांचे उत्पन्न बुडाले म्हणून शासनाने भरपाईचा कायदा केला, आणि दरवर्षी ८ टक्के वाढ धरून ती रक्कम शासन देते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. व्यापारी संघटित होते, त्यांचा कर गेला. महापालिका मोठ्या होत्या, त्यांना भरपाई मिळाली. पालीसारख्या गावाने कधी जकात घेतलीच नव्हती, म्हणून त्याला भरपाईही नाही. पण पालीची बाई तेलावर, साबणावर, चहापत्तीवर जीएसटी भरतेच. तेव्हा ‘आम्ही कर देत नाही’ असे खेड्यातल्या माणसाने कधीच म्हणू नये. आपण देतो. प्रश्न तो पैसा कुठे जातो हा आहे.

आता वहीवर आकडे मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, आपण आपल्या घरचे घालून पाहावेत. एक बंब चोवीस तास सज्ज ठेवायचा तर तीन पाळ्या लागतात. प्रत्येक पाळीत चालक, जमादार आणि जवान धरून सहा माणसे, म्हणजे अठरा. सुट्ट्या आणि आजारपण धरून चार जादा, एकूण बावीस. सगळा खर्च धरून माणशी महिना ४०,००० रुपये पकडले तर वर्षाचा नुसता पगार १ कोटी ५ लाख ६० हजार होतो. बंबाची किंमत, डिझेल आणि दुरुस्ती वेगळीच.

दुसऱ्या बाजूला जमा. कुटुंब महिन्याला ८,००० रुपयांचा माल घेते असे समजा. शेकडा एक प्रमाणे महिना ८० रुपये, वर्षाला ९६०. तीनशे घरांच्या गावातून २ लाख ८८ हजार जमतील. एवढ्यात बावीस माणसांचा दहा दिवसांचा पगारही भागत नाही. पुरा पगार भागवायला ११,००० कुटुंबे लागतील. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या पन्नास-पंचावन्न हजारांच्या घरात होती. म्हणजे साऱ्या तालुक्याच्या चुली पिळल्या तरी एका बंबाचा पगार जेमतेम निघेल. पोलिसांचे नावच काढायला नको.

बरे, हे ९६० रुपये कुणाच्या खिशातून जातील? महिना १२,००० मिळवणारा मजूर त्यातले ८,००० किराणा, कपडे, औषध यांवर घालवतो. त्याचे ८० रुपये जातात, म्हणजे कमाईच्या शंभर रुपयांतले सुमारे ६७ पैसे. लाख रुपये मिळवणारा ३०,००० चा माल घेतो आणि ३०० रुपये देतो, म्हणजे शंभरात ३० पैसे. शिवाय तो गाडीत बसून पुण्याच्या मोठ्या दुकानातून महिन्याचा माल आणील आणि गावची पट्टी चुकवील. मजुराला ते जमत नाही, त्याची उधारी गावच्याच दुकानात असते.

कराचा हा तिढा परमपूज्य बाबासाहेबांनी फार पूर्वी उलगडून दाखवला आहे. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते हे आपण जयंतीला सांगतो, पण त्यांचे अर्थशास्त्र आपल्या घरपट्टीच्या पावतीशी जोडून पाहत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या वाढीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. कोणता खर्च केंद्राने उचलायचा, कोणता प्रांताने, आणि उत्पन्नाची साधने कुणाकडे ठेवायची, हा त्याचा विषय. पुढे १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. ठरावीक उत्पन्नाखालच्या माणसाला प्राप्तिकर माफ, पण शेतकरी कितीही लहान असला तरी त्याला सारा चुकत नाही, ही विषमता त्यांनी सभागृहापुढे मांडली. ज्याची ऐपत त्याने भार उचलावा, हे त्याचे मर्म. विक्रीवरची गावपट्टी या कसोटीला उतरत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या समाजाला कुणी शिकवायला नको. गावाची राखण शतकानुशतके कुणी केली? वेस कुणी लावली, चोराचा माग कुणी काढला, सरकारी टपाल आणि खजिना कुणी पोचवला? वेसकराची काठी महाराच्या हाती होती आणि मोबदल्यात शिळ्या भाकरीचे तुकडे व खळ्यावरचे बलुते होते. सरकारचे काम, पण पगार नाही; आणि गावकऱ्याच्या मर्जीवर पोट. हेच गुलामीचे मूळ आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक १९२८ साली मुंबई कौन्सिलात आणले. त्या वेळी ते तडीस गेले नाही. कनिष्ठ वतने अखेर १९५८ च्या कायद्याने खालसा झाली. आमच्या बापजाद्यांनी पोलिसाचे काम फुकट केले आहे. आता ‘तरुणांनी स्वयंस्फूर्तीने राखण करावी’ असे कुणी म्हणाले तर आम्ही विचारू, मानधन किती? विमा आहे का? आणि रात्रीची पाळी साऱ्या आळ्यांना सारखी येणार का, की पुन्हा आमच्याच वस्तीला?

पोलीस ही सेवा राज्याची आहे. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था या दोन्ही बाबी सातव्या अनुसूचीत राज्याच्या यादीत पहिल्या दोन क्रमांकांवर आहेत. त्यांचा खर्च गावाच्या वर्गणीवर ढकलला की ज्याची वर्गणी मोठी त्याचा पोलीस, असे होते. आमच्यासाठी हा जीवनमरणाचा मुद्दा आहे. ॲट्रॉसिटी कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाच्या दर्जाखालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही असे नियम सांगतात आणि ६० दिवसांत आरोपपत्राची अपेक्षा ठेवतात. उपअधीक्षकांची संख्याच तोकडी असली, तर एका अधिकाऱ्याच्या टेबलावर किती कागद साचणार? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमाला जाणाऱ्या आपल्या लोकांवर दगडफेक झाली. अशा वेळी पुरेसा, वेळेवर पोचणारा आणि कुणाच्या ओशाळ्यात नसलेला पोलीस लागतो. गावातल्या सधनांच्या पट्टीवर पोसलेला राखणदार अशा वेळी कुणाकडे तोंड करून उभा राहील, हे सांगायला ज्योतिषी नको.

शासनाकडे पैसा नाही हे उत्तरही आम्ही मुकाट्याने गिळणार नाही. क्रिकेटच्या सामन्यांना पोलीस बंदोबस्त फी घेऊन दिला जातो. २०२३ साली राज्य शासनाने तीच फी कमी केली, तीही मागील वर्षांपासून. ज्या खेळात पैशाचा पाऊस पडतो त्याला सूट, आणि पायथ्याच्या गावाला सांगायचे की वर्गणी काढा!

आगीची बाब जरा वेगळी आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामात आहे. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत ती नाही. म्हणजे आग शहरात लागली तर कुणाला जाब विचारायचा हे ठरलेले आहे, खेड्यात लागली तर अधांतरी. ७ जून २०२१ रोजी शेजारच्या मुळशी तालुक्यात उरवड्याच्या रासायनिक कारखान्याला आग लागली. जीव गेलेल्या कामगारांत बहुतेक बायाबापड्या होत्या. कारखाने, रिसॉर्टे आणि फार्महाउसे खेड्यात येतात, त्यांच्या परवानगीचे विकास शुल्क आणि अग्निशमन शुल्क घेतले जाते. बंब मात्र शहराकडे.

परदेशात विक्रीकरातून पोलीस वाढवल्याचे दाखले आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहराचे २०१२ साली दिवाळे निघाले. २०१३ साली तिथल्या नागरिकांनी मतदान करून शेकडा पाऊण विक्रीकर वाढवला आणि पोलीस भरले. पण तिथे शहराला तो हक्क आहे, लोकांनी मत देऊन तो वापरला, आणि पोलीसही त्या शहराचाच. आपल्याकडे हक्क राज्याचा, पोलीस राज्याचा आणि वर्गणी मात्र गावाची, असा उलटा व्यवहार होईल.

मग करायचे काय? नुसता नकार देऊन गोठा वाचत नाही. आम्ही चार गोष्टी सुचवतो.

पहिली: पट्टी बसवायचीच तर ऐपतवाल्यांवर बसवा. गडावर येणाऱ्या गाड्यांसाठी गाडीतळाची कायदेशीर फी, पावती देऊन. रिसॉर्ट आणि बंगल्यांची घरपट्टी खऱ्या मोजमापाने. या पैशाचे खाते वेगळे ठेवा आणि जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

दुसरी: पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ पासून काम करते. भोर-वेल्ह्याचा काही भाग त्याच्या हद्दीत आहे. आपले गाव त्यात येत असेल तर आपल्या भागात जमलेल्या शुल्कातून आपल्या भागात अग्निशमन केंद्र कधी, हे लेखी विचारा. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने २०२३ साली राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना काढली. त्यातले आपल्या तालुक्याला काय आले, हा प्रश्न माहितीच्या अधिकारात टाका. अर्जाची फी दहा रुपये आहे.

तिसरी: ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. ती दरवर्षी पताका आणि मंडपात जाऊ देऊ नका. वस्तीत पाण्याची टाकी, मोठ्या तोंडाचा नळ आणि लांब पाइप यांवर ती लावा. बंब येईपर्यंतची पहिली वीस मिनिटे त्याच पाण्यावर निघतात.

चौथी: गावात राखणीचे वा आगीचे पथक उभे राहिले तर त्याला मानधन, प्रशिक्षण आणि विमा असावा, आणि निवड ग्रामसभेत व्हावी. आमच्या मुली-मुलांनी त्यात जरूर जावे, पगारी माणूस म्हणून.

भगिनींना विशेष विनंती. आग लागली की पहिली झळ तुम्हांला लागते. गवताची गंजी चुलीपासून लांब रचा, उंबऱ्याजवळ वाळूची बादली ठेवा, ११२ आणि १०१ हे आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि लेकरांकडून पाठ करून घ्या. आणि ग्रामसभेला या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी ग्रामसभा भरतात. बायका मागे बसतात आणि ठराव पुढे मंजूर होतात, ही रीत मोडायला हवी.

कुणी विक्रीपट्टीचा ठराव मांडलाच, तर उठून तीनच प्रश्न विचारा. कोणत्या कलमाखाली? एकूण जमा किती, खर्च किती? आणि गरिबाच्या शंभरातले किती जातील, श्रीमंताच्या शंभरातले किती? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची नक्कल मागा.

जयभीम!