वकील कुणाचा?

आपण आयटीवाले लोक तीस हजारांचा फोन घ्यायचा तरी तीन आठवडे रिव्ह्यू वाचतो. ऑफिसात दोन ओळींचा कोड बदलला तरी दुसऱ्याने बघितल्याशिवाय तो पुढे जात नाही. पण सत्तर लाखांचा फ्लॅट घेताना? किचनच्या टाइल्स ठरवायला दोन रविवार, आणि कागदपत्रं बघायला समोरचा चहा संपेपर्यंतचा वेळ! कुणी विचारलंच, "वकील कोण रे तुझा?" तर उत्तर ठरलेलं असतं. "वकील कशाला? रेरा नंबर आहे, बँकेने लोन दिलंय, रजिस्ट्रेशन होणारे. अजून काय पाहिजे?"

आज या उत्तराबद्दलच लिहायचंय, कारण हे उत्तर खोटं कसं पडतं ते आपल्या डोंबिवलीनेच दाखवून दिलंय.

तो ६५ इमारतींचा विषय आठवत असेल. कल्याण-डोंबिवली महापालिकेची बांधकाम परवानगी म्हणून खोट्या सह्या-शिक्क्यांचे कागद तयार झाले, ते महारेराच्या साइटवर चढवले गेले आणि त्यावर चक्क रेरा नंबर मिळाले. वास्तुविशारद संदीप पाटील यांनी माहिती अधिकारात कागद मागवले, प्रकरण हायकोर्टात नेलं. २०२२ साली पोलिसांत गुन्हे दाखल झाले, एसआयटी बसली. १९ नोव्हेंबर २०२४ ला मुंबई हायकोर्टाने या इमारती तीन महिन्यांत पाडायचे आदेश दिले. त्यात राहत होती हजारो कुटुंबं. त्यांतल्या अनेकांकडे रजिस्टर्ड ॲग्रीमेंट होतं, बँकेचं लोन होतं, रेरा नंबर होता. म्हणजे तुमच्या-माझ्या यादीतल्या तिन्ही गोष्टींवर हिरवी टिक होती. आता बोला!

आपल्या भाषेत सांगायचं तर तीन सिस्टिम्स एकमेकींच्या भरवशावर चालल्या होत्या आणि मूळ डेटा कुणी तपासलाच नाही. पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन "साहेब, हा जावक क्रमांक तुमचाच ना?" एवढं विचारायचं होतं. २०२३ पासून महारेराने बांधकाम परवानगी पालिकेकडून पडताळून घ्यायला सुरुवात केली, हे चांगलंच झालं. पण तोवर लोकांचे हप्ते सुरू झाले होते.

आता या तीन टिक नेमक्या कुणासाठी असतात ते बघू.

रेराचा नंबर मुख्यतः बिल्डरने दिलेल्या कागदांवर आणि त्याच्या प्रतिज्ञापत्रावर मिळतो. साइटवर जो टायटल रिपोर्ट दिसतो तो वकिलानेच दिलेला असतो, पण तो वकील बिल्डरचा.

बँकेचा वकील बँकेसाठी काम करतो. त्याची फी प्रोसेसिंगच्या नावाखाली आपल्याच खिशातून जाते, पण त्याचा रिपोर्ट सहसा आपल्या हातात पडत नाही. शिवाय बँकेकडे तुमचं घरही तारण आहे आणि तुमचा पगारही. बिल्डिंग पडली तरी ईएमआय थांबत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला बँकांना सांगावं लागलं, की बाबांनो, इमारत तारण घेताना भोगवटा प्रमाणपत्र तपासून मग कर्ज द्या. सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

आणि रजिस्ट्रेशन? सब-रजिस्ट्रार तुमची ओळख बघतो, स्टॅम्प ड्युटी भरली का बघतो, अंगठा आणि फोटो घेतो. विकणारा खरोखर मालक आहे का, हे ठरवणं त्याचं काम नाही. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं: मालकी तपासण्याचा अधिकार सब-रजिस्ट्रारला नाही. आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची हमी सरकार देत नाही. हे ज्याला कळलं त्याला वकील कशाला लागतो तेही कळलं.

इंग्लंडमध्ये गेलेले मित्र घर घेतात तेव्हा घेणाऱ्याचा सॉलिसिटर वेगळा आणि विकणाऱ्याचा वेगळा, हे तिथे गृहीतच असतं. आपल्याकडे सॉलिसिटर म्हटलं की फोर्टमधल्या जुन्या फर्म्स आठवतात. ठाणे-कल्याणात हे काम साधे ॲडव्होकेट करतात आणि चांगलं करतात. पण बहुतेक व्यवहारांत टेबलावर एकच वकील असतो, आणि तो बिल्डरने नाहीतर एजंटने आणलेला असतो. "आपलेच आहेत, ड्राफ्ट रेडी आहे, फक्त सह्या." मला त्या वकिलाच्या हेतूबद्दल शंका घ्यायची नाहीये. माणूस सज्जनच असेल. पण उद्या अडचण दिसली तर तो आधी कुणाला फोन करेल, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

माझ्या टीममधल्या एकाचं उदाहरण देतो. डोंबिवली पश्चिमेला रिसेलचा फ्लॅट. मूळ मालक काका वारलेले, सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव, शेअर सर्टिफिकेटही त्याच्या नावावर झालेलं. सगळं छान. याने कल्याण कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एका वकीलबाईंना कागद दाखवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काकांना मुली किती?" एक होती, लग्न होऊन नाशिकला. मॅडम म्हणाल्या, "मग तिचं हक्कसोडपत्र आणा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा." एजंट भडकला. "अहो, ताई कशाला भांडायला येतायत? सख्खे बहीण-भाऊ आहेत!" व्यवहार दीड महिना लांबला. शेवटी ताई आल्या, रजिस्टर्ड हक्कसोडपत्र झालं, मग खरेदी झाली. मजा म्हणजे ताईंना तोवर फ्लॅट विकला जातोय हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्या भांडल्या नाहीत, पण दहा वर्षांनी भांडल्या असत्या तर कोर्टात माझा मित्र उभा राहिला असता, एजंट नव्हे.

बँकेने हे पकडलं असतं का? कदाचित. पण "कदाचित"वर वीस वर्षांचं कर्ज काढायचं का?

आता स्थानिकच वकील का, याबद्दल. दक्षिण मुंबईतला नावाजलेला माणूस वाईट नसतो, पण आपल्या भागाच्या जमिनीला स्वतःचा इतिहास आहे. डोंबिवलीभोवतालची २७ गावं घ्या. २००२ मध्ये ती पालिकेतून वगळली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली. मधल्या काळात तिथे बांधलेल्या बिल्डिंगला परवानगी कुणी द्यायची होती आणि प्रत्यक्षात कुणी दिली? "ग्रामपंचायतीची परमिशन आहे" हे वाक्य ऐकून ज्याचे कान टवकारतात, तो वकील आपल्या कामाचा. डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी भागात जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, तिथे एमआयडीसीच्या संमतीचा मुद्दा येतो. मुलुंड-ठाणे पट्ट्यात डोंगराच्या बाजूला 'खाजगी वन' नोंदींनी हजारो लोकांची झोप उडवली होती. जानेवारी २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने त्यांना दिलासा मिळाला. कुठे सातबाऱ्यावर नागरी कमाल जमीन धारणेचा शेरा, कुठे भोगवटादार वर्ग २, कुठे तीस वर्षं जुनी सोसायटी पण कन्व्हेयन्स झालेलंच नाही, म्हणजे जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर. पुनर्विकासाच्या वेळी हा मुद्दा हमखास वर येतो. इथल्या कोर्टाच्या आणि तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला या गोष्टी गावाच्या नावावरूनच आठवतात.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे: "स्थानिक वकील म्हणजे स्थानिक बिल्डरचा माणूस!" असूही शकतो. छोट्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणून पहिल्या भेटीत सरळ विचारायचं, "तुम्ही कुठल्या बिल्डरांची कामं करता? या प्रोजेक्टशी किंवा एजंटशी काही संबंध?" प्रश्नात उद्धटपणा काही नाही. चांगला वकील शांतपणे सांगतो, आणि गरज पडली तर दुसऱ्याचं नाव सुचवतो. जो चिडतो, त्याला नमस्कार करून निघावं.

रेटिंग बघून वकील मिळत नाही, हेही लक्षात घ्या. बार काउन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही, आणि जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने वकिलांच्या ऑनलाइन जाहिरातींवर कडक ताशेरे ओढले. त्यामुळे तोंडी चौकशीच करायची. मात्र "वकील कसा आहे?" असं विचारू नका, "त्याने तुला कधी 'घेऊ नको' म्हटलं का?" असं विचारा. ज्या वकिलाने कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही, तो टेस्टर नव्हे, तो रबर स्टॅम्प.

बाकी माझे निकष साधे आहेत. सर्च रिपोर्ट लेखी, सहीसह आणि सर्च फी भरल्याच्या पावतीसकट हवा. सर्च निदान तीस वर्षांचा हवा; हा आकडा हवेतला नाही, गहाण टाकलेली मालमत्ता सोडवण्याच्या दाव्याची मुदत कायद्याने तीस वर्षं आहे. कॉम्प्युटरवरच्या इंडेक्स टू वर भागत नाही, जुन्या नोंदी ऑफिसात जाऊन बघाव्या लागतात. बांधकाम परवानगी आणि ओसी पालिकेकडून पडताळली का, हे रिपोर्टात स्पष्ट लिहिलेलं हवं. ६५ इमारतींनंतर हे नसेल तर तो रिपोर्ट अर्धाच. आणि फी व्यवहार झाला तरच, अशी बोली नको. व्यवहार फिसकटला तर ज्याची फी बुडते, तो व्यवहार फिसकटवेल कशाला? कागद बघितल्याचे पैसे द्या, निकाल काहीही लागो.

विकणाऱ्यांनाही हेच लागू. पन्नास लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात घेणारा एक टक्का टीडीएस कापतो. विकणारा परदेशात राहत असेल तर हिशोब पूर्ण वेगळा. पैसे कधी आणि ताबा कधी, हा क्रम ॲग्रीमेंटमध्ये उलटा पडला तर चावी आधी जाते आणि चेक नंतर येतो. किंवा येत नाही.

खर्चाचं म्हणाल तर सत्तर लाखांच्या फ्लॅटवर सात टक्क्यांनी स्टॅम्प ड्युटी चार लाख नव्वद हजार होते, रजिस्ट्रेशनचे तीस हजार वेगळे, एजंटचे एक-दोन टक्के वेगळे. या सगळ्यात स्वतःच्या वकिलाची फी ही सगळ्यात छोटी रक्कम असते, आणि आपण नेमकी तीच वाचवतो!

वकील लावला म्हणजे शंभर टक्के सुरक्षित, असं मी म्हणत नाही. खोटा कागद उत्तम बनवलेला असेल तर तोही फसू शकतो. पण त्या टेबलावर बिल्डरची बाजू बघणारा असतो, बँकेची बघणारा असतो, एजंटची बाजू तर एजंट स्वतःच बघतो. तुमची बाजू बघायला निदान एक माणूस हवा, आणि त्याचे पैसे तुम्हीच दिलेले हवेत. टोकन देण्याआधी. नंतर नव्हे.