माहिष्मतीचा दास

अद्भुतरसाचा स्थायीभाव विस्मय, हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. चित्रपटांचे वेड त्याहूनही जुने. त्यामुळे एस. एस. राजामौली यांच्या ‘बाहुबली’चे २०१५ व २०१७ मधील दोन्ही भाग एकत्र करून ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सुमारे पावणेचार तासांचा एकच चित्रपट पडद्यावर आला, तेव्हा तो सलग पाहणे आम्हांला क्रमप्राप्तच होते. चित्रपट आम्हांला आवडतो, हे आधीच नमूद करतो. आक्षेप त्यानंतर.

पहिल्या भागाच्या प्रारंभी शिवगामी नदीच्या प्रवाहात बुडते. तान्हे मूल उचलून धरलेला तिचा एक हात तेवढा पाण्यावर राहतो. दुसऱ्या भागातील अखेरच्या युद्धात ताडाची झाडे वाकवून सैनिकांना ढालींसह तटापलीकडे भिरकावले जाते. पहिल्या दृश्यात एका जिवासाठी दुसरा जीव मोजला जातो. दुसऱ्यात कोणालाच काही मोजावे लागत नाही. म्हणूनच हाताचे दृश्य मनात रुतून बसते आणि ताडांचे दृश्य क्षणभर थक्क करून विरून जाते.

हे आमच्या शहरापासून अवघ्या तीसेक किलोमीटरवर, वेरुळच्या कैलास लेण्यात, आठव्या शतकातील शिल्पींनी जाणले होते. रावण कैलास हलवतो, त्या शिल्पात पर्वताचा भार आहेच. परंतु दृष्टी खिळते ती शिवाला बिलगणाऱ्या पार्वतीवर आणि घाबरून पळणाऱ्या दासीवर. भव्य ते भव्य वाटते, कारण त्याच्या शेजारी एक भ्यालेला जीव आहे.

‘बाहुबली’त असा जीव आहे, तो कटप्पा. पूर्वजांच्या वचनामुळे सिंहासनाला बांधला गेलेला हा दास. पहिल्या भागात अस्लम खान त्याला दास्यातून सोडवू पाहतो, तेव्हा तो नकार देतो. आणि शिवगामीची आज्ञा होताच ज्याच्यावर जीव लावला त्यालाच ठार करतो. ‘कटप्पाने बाहुबलीला का मारले?’ हा प्रश्न दोन वर्षे देशभर विनोदासारखा फिरला. वस्तुतः तो भीष्माला विचारण्याजोगा प्रश्न आहे: अन्यायाच्या बाजूने पाळलेली निष्ठा हा गुण मानावा काय? चित्रपट त्याचे उत्तर कारस्थानाच्या तपशिलात देतो व पुढे युद्धाकडे वळतो. नव्या राजाच्या राज्यात कटप्पाचे दास्य संपले काय, हे त्याला विचारावेसेही वाटत नाही.

ज्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले, जेथून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले, तेथील प्रेक्षकाने तरी हा प्रश्न विचारावा, असे आम्हांला वाटते.

‘करमणुकीकडून एवढी अपेक्षा कशाला?’ असे कोणी म्हणेल. त्यावर आमचे उत्तर एवढेच की, ही अपेक्षा अद्भुतकथेनेच आम्हांला लावली. महाभारतात ऐन रणांगणावर अर्जुन धनुष्य खाली ठेवतो. पीटर जॅक्सन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ज्याने अंगठी नष्ट करायची, तो फ्रोडो शेवटच्या क्षणी तिच्या मोहात पडतो. नायक डळमळतो, तेव्हा कथा उंच होते. माहिष्मतीचे नायक डळमळत नाहीत. तेथील सारे द्वंद्व दासाच्या वाट्याला आले आणि कथेचे नायकत्व मात्र राजपुत्राकडे गेले.

याचा काही दोष आम्हां अध्यापकांकडेही येतो. १८६१ ची ‘मुक्तामाला’ किंवा नाथमाधवांची ‘वीरधवल’ यांना ‘अद्भुतरम्य’ अशी चिठ्ठी लावून बहुतेक वर्गांत एका तासात निकालात काढले जाते; मग गंभीर वाचनाचा मान वास्तववादाला मिळतो. परिणामी अद्भुताची चिकित्सा कोणत्या प्रश्नांनी करावी, हे विद्यार्थ्याला कोणी शिकवतच नाही. त्याच्या हाती उरतात दोनच शब्द: ‘भारी’ आणि ‘बालिश’. दोन्हींत विचार नाही.

तेव्हा पुढच्या वर्षी रसविचार शिकवताना निदान एक तास कटप्पासाठी राखून ठेवावा. दृश्य किती मोठे होते हे विद्यार्थी आपणहून सांगतीलच. त्याची किंमत कोणी मोजली, हे त्यांना विचारावे.