जखम भरण्याआधीच मुदत भरते!

रस्त्यावरील अपघातात जायबंदी झालेल्या माणसाने, किंवा घरातील कर्ता माणूस गमावलेल्या कुटुंबाने, भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत केला पाहिजे. त्यानंतर आलेला अर्ज न्यायाधिकरणाने विचारातच घेऊ नये, असा दंडक 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने घातला आणि तो 1 एप्रिल 2022 पासून अमलात आला. केवळ मुदत टळली म्हणून असे अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि अंतरिम आदेशाचा आसरा अंतिम निकालापुरताच. हे कलम संसदेनेच काढून टाकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुदतीच्या कायद्याशी आमचे वैर नाही. साक्षीदारांना विसर पडतो, कागद गहाळ होतात, आणि प्रतिवादीलाही जन्मभर टांगून ठेवणे न्याय्य नव्हे. पण मुदतीचा बडगा हयगय करणाऱ्यासाठी असतो. अपघातग्रस्त या सहा महिन्यांत काय करीत असतो? एका शस्त्रक्रियेतून उठून तो दुसरीची वाट पाहत असतो. कायमचे अपंगत्व किती, हे डॉक्टर उपचार संपल्यावर सांगणार. मग भरपाई मागावयाची ती कोणत्या हिशेबाने? मृताच्या घरी तर दुःख आवरण्याआधीच पंचनामा, शवचिकित्सेचा अहवाल, गाडीच्या विम्याचे कागद यांसाठी पोलीस ठाण्याचे खेटे सुरू होतात. वकिलाची पायरी चढेपर्यंत सहा महिने सरलेले असतात.

वचनचिठ्ठीवर पैसे देणाऱ्या सावकाराला वसुलीसाठी 1963 चा मुदतीचा कायदा तीन वर्षे देतो. लोकलमधून पडलेल्या प्रवाशाला रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे जाण्यास 1987 च्या कायद्याने एक वर्ष मिळते, आणि सबळ कारण दाखविल्यास त्यापुढील उशीरही माफ होतो. तोच प्रवासी स्थानकाबाहेर बसखाली सापडला तर सहा महिने, आणि माफीचे दार बंद! यातील तर्क आम्हांस तरी उमगत नाही.

बरे, हा अन्याय संसदेला ठाऊक नव्हता असेही नाही. 1988 च्या कायद्यात सहा महिन्यांचीच मुदत होती, पण निदान वर्षापर्यंतचा उशीर माफ करण्याची सोय होती. तीही अपुरी ठरली म्हणून 1994 मध्ये मुदतच रद्द झाली. आणि मुदतीपायी मृतांच्या वारसांवर होणाऱ्या अन्यायाची जाणीव झाल्यानेच संसदेने हे केले, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये धन्नालाल प्रकरणी नमूद केले. मग पंचवीस वर्षांनी तेच कलम, पूर्वीची सवलत वगळून, का परत आले?

यावर उत्तर असे दिले जाते की, नव्या व्यवस्थेत पोलिसांनीच तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे धाडावयाचा आहे, आणि तोच अर्ज समजला जाईल. व्यवस्था उत्तम आहे. पण अहवाल वेळेवर गेला नाही तर? चुकणार पोलीस आणि हक्क बुडणार विधवेचा! अहवाल पाठविल्याची लेखी पोच पोलीस ठाण्याने जखमीच्या किंवा मृताच्या घरी दिली पाहिजे, एवढा हुकूम तरी राज्याच्या गृहखात्याने आजच काढावा. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.